गैरहजर म्हणजे शून्य न्हाई

नसीमआपा, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा पुण्यातल्या ऑफिसात माझ्यासमोर पडद्यावर एक प्रोग्राम बांधला जात होता. तुमचे यजमान हनीफभाई फोनवर एवढंच बोलले, "बसू, तुझी आपा गयी." मी पहिलं काम काय केलं असेल तर तो प्रोग्राम मध्येच थांबवला. का थांबवला, मला अजून सांगता येत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काही चुकलं का?" मी म्हटलं, "हो." त्यांना वाटलं प्रोग्रामचं म्हणतोय.

तुमची माती त्याच दिवशी झाली. मी नांदेडला पोचलो तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी तुमच्या घरात काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ते सांगितलं पाहिजे, जे आपण दोघांनी वीस वर्षं मिळून टाळलं. तुम्ही माझ्यासाठी टाळलंत. मीही माझ्यासाठीच टाळलं.

लातूरला मी पहिल्यांदा तुमच्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या कपाळावर आईनं लावलेली विभूती होती आणि हातात उदगीरच्या डिप्लोमाची फाइल. तुम्ही फाइल उघडलीच नाही. त्या वर्षांत लातूर पोरांनी भरून वाहत होतं. दर दुसऱ्या घराच्या गच्चीवर पत्र्याच्या खोल्या चढल्या होत्या, दर चौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि बारावीचं पोर म्हटलं की भाजीवालीसुद्धा विचारायची, "कुठल्या तुकडीत हाय?" आपला क्लास त्यातलाच एक मोठा. तळमजल्यावर कोंदट खोलीत आपला कॉम्प्युटर विभाग. विभाग म्हणजे तुम्ही, मी आणि तीन मशीन. त्यांची नावं तुम्ही ठेवलेली: मांजरा, तेरणा, गोदा. तिन्हींवर फुकट मिळणारं लिनक्स, कारण विकतची प्रणाली घ्यायला मोठे सर, म्हणजे क्लासचे मालक, तयार नव्हते आणि तुम्हाला ती नकोच होती. "जे उघडून बघता येत न्हाई, त्याच्यावर पोरांचे मार्क कसे ठेवायचे?" असं तुम्ही म्हणायचात.

"कंपायलर काय करतो?" हा तुमचा पहिला प्रश्न.

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं: आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो.

"ते झालं पुस्तकातलं. तो तुझ्यावर विश्वास ठेवतो, बसू. तू खोटं बोललास तरी ठेवतो. म्हणून त्याच्याशी जपून बोलायचं."

मला वाटलं, बाई जरा तऱ्हेवाईक हायत. पण आठ दिवसांत कळलं की तुमच्याइतकं बारकाईनं वाचणारं माणूस मी पाहिलेलं नाही. प्रोग्राम बांधला जात असताना, म्हणजे कंपायलर तो उतरवत असताना, पडद्यावर इशाऱ्यांच्या ओळी यायच्या. मी त्या वर सरकू द्यायचो. तुम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत एकेक ओळ वाचायचात, आणि मला वहीत उतरवायला लावायचात. "वाच. तो बोलून राहिलाय ना, मग ऐकावं." शेंगांची टरफलं कीबोर्डमध्ये जायची आणि ती काढायचं काम माझ्याकडं असायचं. त्यावरून आपण जितकं भांडलो तितकं कशावरून भांडलो नसू. एकदा सोडून.

रविवारी चाचणी व्हायची. पोरं गोल काळे केलेल्या उत्तरपत्रिका द्यायची, आपण त्या स्कॅन करायचो आणि तुम्ही लिहिलेला प्रोग्राम चित्रातून गोल ओळखून मार्क द्यायचा. सहा चाचण्या झाल्या की सरासरी, आणि सरासरीवरून तुकड्या. पहिल्या तुकडीला चांगले मास्तर, शेवटच्या तुकडीला जे उरतील ते. त्या प्रोग्राममध्ये एक गोष्ट तुम्ही हट्टानं केली होती. जे पोर चाचणीला आलं नाही, त्याच्या रकान्यात शून्य टाकायचं नाही. तिथं 'इथं संख्याच नाही' अशी खूण ठेवायची. कॉम्प्युटरच्या हिशेबात अशी खूण असते, आणि तिचा गुण मोठा विचित्र: ती स्वतःच्याही बरोबर ठरत नाही. म्हणून तुम्ही तपासणीची एकच ओळ लिहिली होती. हा आकडा स्वतःच्या बरोबर आहे का? नसेल, तर पोर गैरहजर. ती चाचणी सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

मी म्हणालो होतो, शून्य टाकलं तर एवढा खटाटोप वाचेल.

"गैरहजर म्हणजे शून्य न्हाई," तुम्ही म्हणालात. आवाज एवढा बदलला की मी तो विषय सोडला.

त्याचं कारण मला पुढं एका दुपारी कळलं. लाइट गेली होती, पंखे बंद, आणि आपण दोघं पायरीवर येऊन बसलो होतो. भूकंप झाला तेव्हा तुम्ही बावीस-तेवीस वर्षांच्या. नांदेडला कॉम्प्युटरचा कोर्स नुकताच केलेला. किल्लारीकडं याद्या करायला टाइप येणारी माणसं पाहिजेत असं कळलं, आणि आईचा विरोध मोडून तुम्ही गेलात. तंबूत जनरेटरवर चालणारी दोन मशीन. गावोगावची नावं यायची आणि पुढं एक रकाना: जिवंत, जखमी, मयत. जे सापडलेच नाहीत त्यांच्यापुढं काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंत. देखरेखीला होता तो माणूस स्वतःच तीन रात्री झोपलेला नव्हता. तो म्हणाला, "बाई, रकाना रिकामा ठेवू नका." तुम्ही ठेवला नाहीत. पाचव्या दिवशी एक माणूस तंबूपुढं येऊन उभा राहिला. तो मुदखेडला मेव्हण्याकडं गेला होता, म्हणून वाचला होता. घरात बाकी कुणी उरलं नव्हतं. तुम्हाला तो एवढंच म्हणाला, "माझं नाव त्यातून काढा. आई लेकीच्या गावाला हाय. तिनं यादी ऐकली तवापासून पाणी बी घेतलं न्हाई."

"मी ते नाव टाइप केलं होतं, बसू," तुम्ही म्हणालात. "ठाऊक नव्हतं, तरी केलं."

मग लाइट आली, तुम्ही उठून आत गेलात आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता माझं सांगतो.

मोठ्या सरांना यादी रविवारी संध्याकाळी सातला पाहिजे होती. समोरच्या क्लासची त्याच दिवशी लागायची. आपल्या मांजरा मशीनवर सगळ्या उत्तरपत्रिका वाचून व्हायला नऊ तास लागायचे. मी सायबर कॅफेत बसून बसून वाचून आलो की प्रोग्राम बांधतानाच कंपायलरला सूचना देता येतात. त्यांना फ्लॅग म्हणतात. किती जोर लावायचा, किती काटछाट करायची ते त्यांनी ठरतं. आपण कायम ओ-टू वापरायचो, म्हणजे मधला, खात्रीचा जोर. त्याच्यापुढं ओ-थ्री होता. आणि एक होता फास्ट-मॅथ, ज्यानं आकडेमोड भलतीच वेगात होते असं जो तो लिहीत होता.

"नक्को," तुम्ही म्हणालात. "ओ-टूच्या पुढं जाऊ नको."

"आपा, सगळी दुनिया वापरायली. तुम्ही भिताय."

"हाव, भिते. त्या फ्लॅगनं तू त्याला काय कबूल करून राहिलास, ते वाचलास का पूर्ण?"

मी वाचलं नव्हतं. वाचलं, असं म्हणालो.

मग तुमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तुम्ही आठ दिवस नांदेडला गेलात. मी दोन्ही फ्लॅग टाकून प्रोग्राम नव्यानं बांधला. तपासायला वीस उत्तरपत्रिका मीच भरल्या आणि दोन्ही बांधण्यांचे मार्क ताडून बघितले. एकही मार्क इकडचा तिकडं नाही. पण वीसही जण हजर होते, आपा. गैरहजर पोर तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. नऊ तासांचं काम पाच तासांवर आलं, यादी सातच्या आत लागली, मोठ्या सरांनी मला बोलावून पेढा दिला.

तुम्ही परत आलात आणि विचारलंत, "मांजरा एवढी जोरात कशी पळायली?"

"धूळ लई साचली होती आत," मी म्हणालो. "साफ केली."

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

तीन आठवड्यांनी तुम्ही विचारलंत, "अरे, ती रेणुका दिसत न्हाई?" इस्लापूरकडची पोरगी, वर्गातून सुटली की आपल्या दाराशी उभी राहून कॉम्प्युटरकडं बघायची. तुम्ही तिला शेंगा द्यायचात, ती टरफलं ओंजळीत जमवून बाहेर टाकायची, माझ्याहून शहाणी. हॉस्टेलवर चौकशी केली तर कळलं, ती शेवटच्या तुकडीत गेली आणि चार दिवसांत सामान बांधून घरी निघून गेली.

"रेणुका? शेवटच्या तुकडीत?" तुम्ही तिच्या पाच चाचण्यांचे कागद काढलेत आणि हातानं बेरीज मांडलीत. सहावीला ती तापानं आली नव्हती. पाचांच्या सरासरीनं ती पहिल्या तुकडीत वरच्या पोरांत बसत होती. तुम्ही दुसऱ्या एका पोराचे कागद काढलेत, मग तिसऱ्याचे. दुपारपर्यंत तुमच्यापुढं त्रेचाळीस नावं होती. चांगली चाललेली, अचानक शेवटच्या तुकडीत गेलेली, आणि सगळीच्या सगळी कधी ना कधी एक तरी चाचणी चुकलेली.

तुम्ही जुन्या पद्धतीनं, ओ-टूनं प्रोग्राम बांधून चालवलात. त्रेचाळीस पोरं आपापल्या जागी. मग मी बांधलेला चालवलात. त्रेचाळीस पोरं तळाला. लिहिलेला प्रोग्राम तोच होता, एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

"हा कुणी बांधला?"

"मी," मी म्हणालो.

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खुर्ची माझ्याकडं ओढलीत आणि शिकवायला बसलात. कंपायलरनं उतरवलेला यंत्रभाषेतला मजकूर छापून काढलात आणि पेन्सिल ठेवलीत. "इथं आपली तपासणीची ओळ पाहिजे होती. शोध."

मी शोधली. तिथं काहीच नव्हतं.

फास्ट-मॅथ टाकून मी कंपायलरला शब्द दिला होता की माझ्या प्रोग्राममध्ये 'संख्याच नाही' असं कधी येणारच नाही. त्यानं तो शब्द खरा मानला. मग 'हा आकडा स्वतःच्या बरोबर आहे का' असं विचारायची गरजच काय? असतोच. म्हणून ती ओळ त्यानं बिनकामाची ठरवून काढून टाकली. कुठं कुरकुर नाही, इशारा नाही. मग गैरहजेरीची ती खूण बेरजेत मिसळली, आणि ती एकदा मिसळली की सगळी बेरीजच 'संख्या नाही' होऊन बसते. ही सरासरी पहिल्या तुकडीच्या रेषेवर आहे का? नाही. दुसऱ्या? नाही. तिसऱ्या? नाही. असं घसरत पोरं तळाला गेली. यादीवर नाव आणि तुकडी एवढंच छापायचो आपण, त्यामुळं सरासरीच्या जागी काय झालंय ते कुणाला दिसायची सोयच नव्हती.

"तो चुकला न्हाई, बसू," तुम्ही म्हणालात. "तू सांगितलंस तसंच केलं त्यानं."

मग आपण वर मोठ्या सरांकडं गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, जे पालक विचारायला येतील त्यांची पोरं गुपचूप वर घेऊ, बाकी बोभाटा नको. तुम्ही म्हणालात, दुरुस्त यादी बाहेर फळ्यावर लागली पाहिजे, सगळ्यांना दिसेल अशी. "त्रेचाळीस पोरांना वाटायलंय की ती ढ हायत. त्यांना कानात सांगून भागणार न्हाई, सर."

सरांनी चष्मा काढला. "हे केलं कुणी?"

मी दाराजवळ उभा होतो, हातात ते छापील कागद. माझं तोंड उघडलं होतं, आपा. खरंच उघडलं होतं. पण नोकरीला सातवा महिना लागला होता, आणि उदगीरला आमच्या भुसार दुकानात बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते की आमचा बसवराज लातूरला साहेब झाला. ते डोळ्यापुढं आलं आणि शब्द तिथंच राहिला.

"विभाग माझा हाय," तुम्ही म्हणालात. "जबाबदारी माझी."

माझ्याकडं तुम्ही पाहिलंही नाहीत. आपल्या नजरेनं मला बोलावं लागू नये, एवढी काळजी तुम्ही घेतलीत.

यादी लागली. तिच्याखाली तुमच्या गोल, शाळेतल्या बाईंसारख्या अक्षरात एक ओळ होती: चूक आमची होती, विद्यार्थ्यांची नव्हती. त्या ओळीसाठी तुमची नोकरी गेली. नुसती यादी असती तर कदाचित राहिली असती.

जिन्यात मी म्हणालो, "आपा, मी आत जाऊन सांगतो."

"आता सांगून दोघांची जाईल. मग रविवारी याद्या कोण करणार? जा, आधी ओ-टूनं बांध."

ते मला किती सोयीचं वाटलं! मी खाली गेलो आणि बांधला.

बेचाळीस पोरं लातुरातच होती, ती आपापल्या तुकडीत गेली. उरली रेणुका. तुमचा लातूरशी संबंध संपला होता, तरी नांदेडला सामान टाकून दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला फोन करून म्हणालात, "चल इस्लापूरला." एस.टी. भोकर सोडून पुढं सागाच्या रानात शिरली तेव्हा तुम्ही खिडकीशी डोकं टेकून झोपला होतात. मी तुमच्या पायापाशी ठेवलेली पिशवी धरून बसलो होतो. त्यात रेणुकाच्या पाच उत्तरपत्रिका होत्या आणि एक किलो शेंगा.

तिचे वडील रेल्वेत कीमन होते. रोज पहाटे हातोडा घेऊन रुळाच्या बाजूनं चालायचं आणि रूळ पकडून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायची, ढिली असेल तर घट्ट करायची, हे त्यांचं काम. अंगणात बाज टाकली, पाणी दिलं. पोरगी आत चुलीशी होती.

"पोरगी स्वतःच म्हनते, मला जमत न्हाई," ते म्हणाले. "मी जबरदस्ती कशी करू, बाई? आता मामाच्या गावाला शिवणाच्या क्लासला जानार हाय."

तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत. अगदी सोपं करून, पण माझं नाव सोडून काही न गाळता. प्रोग्राममध्ये एक तपासणी होती. मशीनला वाटलं तिची गरज नाही, म्हणून तिनं ती काढून टाकली. तुमची पोरगी एक दिवस तापली होती, तर मशीननं तिचे सगळेच दिवस धुऊन टाकले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी रोज सहा किलोमीटर चालतो, बाई. महिना महिना एक चावी ढिली सापडत न्हाई. मग चालायचं सोडू का?"

"न्हाई, भाऊ."

"तुमच्या मशीनला हे कोनी सांगितलं न्हाई?"

"सांगायचं आमचं काम होतं," तुम्ही म्हणालात. "आमचंच चुकलं."

तेव्हा रेणुका दारात आली. तिनं पाचही कागद हातात घेतले, एकेक उलटून पाहिला, मार्कांवरून बोट फिरवलं. "मला वाटलं, मला उगीच वाटत होतं की मला येतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. तुम्ही तिला जवळ घेतलंत. तिचे वडील उठून आत गेले आणि तिची पत्र्याची पेटी बाहेर आणून अंगणात ठेवली. एवढंच त्यांचं उत्तर. त्या रात्री त्यांनी आपल्याला जेवू घालून ठेवून घेतलं.

सकाळी परतीच्या गाडीत पेटी आपल्या दोघांच्या मध्ये होती. रेणुका पुढच्या सीटवर.

डॉक्टर झाली नाही ती. थोडक्यात राहिलं. पण फिजिक्स घेऊन शिकली, आता किनवटकडं ज्युनियर कॉलेजात शिकवते. तुम्ही हे सगळ्यांना अशा अभिमानानं सांगायचात, जसं काही तेच आधीपासून ठरलं होतं.

तुम्ही नांदेडला राहिलात. हनीफभाईंशी उशिरा लग्न झालं. त्यांच्या शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत तुम्ही मुलींसाठी कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात केलीत. मी पुण्याला आलो, मोठ्या कंपनीत लागलो, मोठमोठे प्रोग्राम बांधायला लागलो. दर ईदला तुमचा फोन, दर दिवाळीला माझा. आपला वाद मात्र सुरूच होता. मी म्हणायचो, फास्ट-मॅथ वाईट नाही, आपा. चित्र वाचायचा भाग वेगळ्या फाइलीत ठेवून तेवढ्यालाच तो लावला असता, आणि मार्कांचा भाग ओ-टूनं बांधला असता, तर वेगही मिळाला असता आणि पोरंही जागेवर राहिली असती. मी तसं करून, मोजून, तुम्हाला आकडे पाठवले होते.

"मग तवाच तसं करायचं होतंस," तुम्ही म्हणालात. बरोबर होतं. पण तुम्ही हेही म्हणालात, "आणि मी बी तुला नुसतं नक्को म्हटलं. का नक्को, ते बसून दाखवायला पाहिजे होतं. ते माझं राहिलं." तुम्ही स्वतःकडं असा हिस्सा ओढून घेतलात, आणि मी तो घेऊ दिला.

एकदाच मी धीर करून विचारलं, "आपा, त्या दिवशी सरांपुढं माझं नाव का घेतलं न्हाई?"

तिकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मग तुम्ही विचारलंत, "तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर?"

मी गुडघ्याचं सांगितलं. मला वाटत होतं, पुढच्या वेळी बोलू. तुमचं वय तरी काय होतं!

तर, तिसरा दिवस. मी पोचलो तेव्हा खाली माणसं बसली होती. हनीफभाईंनी मिठी मारली आणि कानात म्हणाले, "बहोत याद करती थी." एका कोपऱ्यात रेणुका होती. डोक्यावर पदर, केस थोडे पांढरे. जेवणं झाल्यावर आम्ही गल्लीत येऊन उभे राहिलो आणि मी बोललो. एका दमात. "रेणुका, तो फ्लॅग मी टाकला होता. आपांनी न्हाई. आपा तेव्हा लातुरात बी नव्हत्या. त्यांची नोकरी माझ्यामुळं गेली."

ती शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक आहे, सर."

"आपांनी सांगितलं?"

"आपांनी कधीच नाही सांगितलं. पण त्या दिवशी आमच्या अंगणात आपा माझ्याशी बोलत होत्या, बाबांशी बोलत होत्या. तुम्ही पूर्ण वेळ जमिनीकडं बघत होता. बाबा रात्री म्हणाले, 'चावी त्या पोराच्या हातून सुटली वाटतं. पन बाई लई मोठी हाय.'"

वीस वर्षं, आपा. वीस वर्षं मी जे लपवत होतो ते इस्लापूरच्या एका कीमनला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, आणि त्यांनी तरीही मला जेवू घातलं होतं.

रेणुकानं मला रडू दिलं. मग वरून पायांचे आवाज आले. तुमच्या क्लासच्या सात मुली. क्लास नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी रोजच्या वेळेला येऊन बसल्या होत्या. हनीफभाई म्हणाले, "उनका धडा आधा रह गया. बघतोस का?"

मी वर गेलो. फळ्यावर तुमचं अक्षर होतं, ते पुसलं नाही. शेजारी थोडी जागा होती तिथं उभा राहिलो. काय शिकवायचं ते सुचेना. मग म्हणालो, "कंपायलरला खोटा शब्द दिला की काय होतं, ते सांगतो. ही चूक लातूरला एका माणसानं केली होती. त्याचं नाव बसवराज. तो मीच."

सगळं सांगितलं. धुळीचं खोटंसुद्धा. दाराजवळचं उघडं तोंडसुद्धा. मुली लिहायच्या थांबल्या होत्या. माझं झाल्यावर पुढं बसलेल्या एकीनं हात वर केला. सोळा-सतरा वर्षांची असेल, तुमच्यासारखीच भुवया आक्रसून बघणारी.

"सर, मग तुम्ही आपांची माफी मागितली का?"

"न्हाई," मी म्हणालो. "राहिलं."

तिनं आपली वही उघडली. मग वहीचं मधलं कोरं पान काढलं, पेनासकट माझ्यापुढं ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली.

आपा, माझं चुकलं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.